तेरा मात्रा

सियागंजात, खताच्या दुकानात
त्र्यंबकमामा काट्याशी बसत.
पोतं चढलं, पारडं थरथरलं की त्यांचं बोट
गल्ल्याच्या पत्र्यावर आपसूक चाले:
लांब, लांब, आखूड, लांब.
असं तीनदा. मग बोट हवेतच थांबे
आणि ते म्हणत, "एक मण अडतीस. लिही."

मी लिही. नववीत होतो.
समुद्र पाहिलेला नव्हता;
बिलावलीचा तलाव पाहिला होता, तोही उन्हाळ्यात.

रामबागेत सांगत,
खासगीवाल्यांचा त्र्यंबक कलकत्त्याला तारायंत्र शिकला
आणि आगबोटीवर गेला,
आई उंबऱ्यात आडवी पडली तरी
तिला ओलांडून गेला.
ते स्वतः काही बोलत नसत. एकदाच,
वीज गेलेली, गिऱ्हाईक नाही,
पोत्यात हात घालून त्यांनी करडी भुकटी
माझ्या तळव्यावर ठेवली.
"हे बेट आहे," म्हणाले.

मोहरीएवढं. नकाशा छापणारा विसरला तरी
कुणी तक्रार करणार नाही असं.
पाखरं हगून गेली, त्याचा दगड झाला,
दगड खणायला कंपनी आली.
एक लोखंडी हात समुद्रावर वाकून
बोटींच्या पोटात तो ओतत असे.
काठाशीच पाणी इतकं खोल
की नांगर तळाला पोचेना.
वारा फिरेपर्यंत बोटी नुसत्या तरंगत,
रेल्वे फाटकाशी खोळंबलेल्या गाड्यांसारख्या,
बैल सोडलेले, माणसं पत्ते खेळतायत.

डिसेंबर. रात्री एक व्यापारी जहाज आलं.
झेंडा युद्धात नसलेल्या देशाचा, नावही तिथलंच.
पण रंग ओला होता,
खालून जुनं नाव दिसत होतं,
वहीत खरवडलेल्या रकमेसारखं.
अशा जहाजासाठी खूण ठरलेली:
एकच अक्षर, चार वेळा.
मामांनी तीन वेळा पाठवलं.
मग तोफ. तारांचा खांब गेला.

"चौथं गेलं असतं तर?"
"पलीकडे अजून तीन बोटी होत्या..."
एवढं म्हणून त्यांनी कंदील लावला
आणि काच पुसत बसले. ती स्वच्छच होती.

बाकीचं मी वर्षानुवर्षं जोडत गेलो.
कैदी म्हणून त्याच जहाजाच्या तळाशी होते ते.
त्या तीन बोटी बुडताना त्यांनी पाहिल्या नाहीत,
ऐकल्या.
मग कुठल्याशा किनाऱ्यावर सोडून दिलं.
जहाजं मात्र बेटाकडे परतली, पहाटे;
लोकांना आधी बाजूला व्हायला सांगितलं
आणि तो लोखंडी हात उडवला, तेलाच्या टाक्या पेटवल्या.
"सांगून उडवलं," मामा म्हणत. "सभ्य माणसं."
बेटावरच्या लोकांचं विचारलं की गप्प.
तांदूळ त्यांचा बोटीनंच यायचा.

उस्ताद बशारत शेजारी चहाला येत.
एके दिवशी त्यांनी बशी खाली ठेवली,
मामांचं बोट ऐकलं,
मांडीवर मोजलं, पुन्हा मोजलं.
"तेरह मात्रा बैठते हैं, त्र्यंबकराव.
मगर सम कहाँ है?"
मामा हसले. मी पाहिलेलं तेवढंच.
"सम पाण्यात आहे, खाँसाहेब."
उस्तादांना मराठी येत होतं.
त्यांनी चहा संपवला नाही.

त्याच हिवाळ्यात देपालपूरचा एक जण आला,
गव्हासाठी पहिल्यांदाच खत नेत होता.
चिमूट चोळून वास घेतला, विचारलं,
"हे काय, दगड का माती?"
"कुणाचं तरी गाव आहे," मामा म्हणाले. "जपून टाक."
तो हसला. पोतं खांद्यावर घेतलं,
शिवण उसवली होती,
पायरीवर ओंजळभर सांडलं.

मी झाडू आणायला उठलो.
मामांनी थांबवलं, खाली बसले,
बोटांनी फटीतलं सुद्धा गोळा केलं
आणि भरल्या मुठीनं उभे राहिले,
ते कुठे ठेवायचं
हे न सुचून.